अल्फा फाय अल्फा : नावांची यादी आणि तिच्यामागची वर्गणी

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या लढ्याविषयी बोलणे सुरू झाले की एक यादी हमखास पुढे केली जाते. डॉ. मार्टिन ल्यूथर किंग, डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस, न्यायमूर्ती थरगुड मार्शल, गायक आणि नट पॉल रोबसन, धावपटू जेसी ओवेन्स, संगीतकार ड्यूक एलिंग्टन, सिनेटर एडवर्ड ब्रुक, अँड्र्यू यंग. हे सगळे एकाच विद्यार्थी संघटनेचे सभासद होते आणि त्या संघटनेचे नाव अल्फा फाय अल्फा. यादी खरी आहे. पण ती वाचून आपल्याकडे दोन प्रतिक्रिया उमटतात आणि आम्हाला त्या दोन्हीही अर्धवट वाटतात.

पहिली प्रतिक्रिया भारावून जाण्याची. एवढे मोठे लोक एकाच संघटनेतून आले, म्हणजे ती संघटना थोरच असणार! दुसरी प्रतिक्रिया चळवळीत मुरलेल्या कार्यकर्त्यांची. ते म्हणतात, ही शिकलेल्या, पोट भरलेल्या काळ्यांची संघटना. ग्रीक अक्षरांची नावे लावून गोऱ्यांची नक्कल करणारी. तिचा सर्वसामान्य काळ्या मजुराशी काय संबंध? पहिल्यांना आम्ही विचारतो, नावे बाजूला ठेवा आणि संघटनेने केले काय ते सांगा. दुसऱ्यांनाही आमचा तोच प्रश्न आहे. कारण सुशिक्षितांची संघटना समाजाच्या कामी येते की नाही, हे तिच्या सभासदांच्या अंगावरच्या कोटावरून ठरत नाही. तिच्या वर्गणीचा पैसा कुठे गेला, यावरून ठरते.

आधी फ्रॅटर्निटी म्हणजे काय ते पाहू. फ्रॅटर्निटी म्हणजे बंधुसंघ. बाबासाहेबांनी संविधानाच्या उद्देशिकेत जो शब्द आग्रहाने घातला, ज्याला आपण बंधुता म्हणतो, तोच हा शब्द. मात्र अमेरिकेच्या महाविद्यालयांत त्याचा अर्थ पार वेगळा झाला होता. तिथे फ्रॅटर्निटी म्हणजे विद्यार्थ्यांचा निवडक मंडळींचा संघ. त्याचे स्वतःचे घर असते, तिथेच राहणे, तिथेच जेवणे. नवा सभासद घ्यायचा की नाही हे जुने सभासद ठरवतात. दीक्षाविधी असतो आणि गुप्त खुणा असतात. पदवी घेऊन बाहेर पडल्यावरही नाते सुटत नाही. नोकरी, धंदा, निवडणूक, सोयरीक या सगळ्यात 'आपला माणूस' म्हणून हात मिळतो. गोऱ्या मुलांच्या अनेक फ्रॅटर्निटींच्या घटनेत सभासद गोरा आणि ख्रिस्ती असला पाहिजे असे स्पष्ट कलम होते. बंधुता हे नाव आणि आत जातपंचायत! वर्चस्ववाद्यांना सुंदर शब्दांचे वावडे कुठेच नसते.

आता न्यूयॉर्क राज्यातल्या इथाका गावी जाऊ. तिथे १८६५ साली स्थापन झालेले कॉर्नेल विद्यापीठ आहे. कोणत्याही माणसाला कोणताही विषय शिकता यावा, ही संस्थापक एझ्रा कॉर्नेल यांची भूमिका होती, त्यामुळे काळ्या विद्यार्थ्यांना प्रवेशबंदी नव्हती. दार उघडे होते. पण दार उघडे असणे आणि आत टिकता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपल्यातल्या पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्यांना सांगावे लागत नाही. १९०४-०५ या वर्षी कॉर्नेलमध्ये शिकणारे सहा काळे विद्यार्थी पुढच्या वर्षी परत आलेच नाहीत. त्यांना कुणी हाकलले नव्हते. ते गळाले. आजच्या भाषेत ज्याला 'गळती' म्हणतात, तीच ही. गळती हा शब्द मोठा सोयीचा आहे, कारण त्यात दोष भांड्याचा निघत नाही, पाण्याचाच निघतो.

का गळाले असतील? गोरा विद्यार्थी आपल्या फ्रॅटर्निटीच्या घरात राही. तिथे मागच्या वर्षाच्या टिपणवह्या मिळत, वरच्या वर्गातला मुलगा गणित समजावून देई, कोणता प्राध्यापक काय विचारतो ते कळे. काळा विद्यार्थी गावात खोली शोधत फिरे. काही जण पोटासाठी याच गोऱ्यांच्या घरांत काम करत, जेवण वाढत. ज्या टेबलावर अभ्यासाची चर्चा चाले, त्या टेबलाशी ते उभे असत ते हातात ताटे घेऊन. बंधुसंघ कसा चालतो, त्याचा फायदा काय, हे या मुलांनी पुस्तकात वाचलेले नव्हते. त्यांनी ते वाढपी म्हणून पाहिले होते.

१९०५-०६ च्या शैक्षणिक वर्षात उरलेले विद्यार्थी एकत्र बसू लागले. आधी अभ्यासमंडळ, मग साहित्यचर्चा. चार्ल्स कार्डोझा पॉइंडेक्स्टर हे वयाने आणि शिक्षणाने पुढे असलेले विद्यार्थी त्यांना एकत्र आणण्यात अग्रेसर होते. या बैठकांना विद्यापीठाने सभागृह दिले नाही. त्या झाल्या इथाकातल्या काळ्या वस्तीतल्या कुटुंबांच्या घरी. ईस्ट स्टेट स्ट्रीटवर राहणाऱ्या आर्ची आणि अ‍ॅनी सिंगलटन या दांपत्याचे घर तर त्यांचा अड्डाच बनले, आणि अ‍ॅनी सिंगलटन यांना ही संघटना आजही आपली आई मानते. हा तपशील यादी पुढे करणारे सांगत नाहीत. सुशिक्षितांची म्हणून हिणवली जाणारी ही संघटना गावातल्या एका साध्या घराच्या बैठकीत जन्मली. त्या घराने या मुलांना चहा दिला, जागा दिली आणि आपलेपण दिले. समाजाचे देणे म्हणतात ते इथून सुरू होते.

मंडळात लवकरच वाद झाला, आणि तो वाद आम्हाला फार महत्त्वाचा वाटतो. साहित्य मंडळ म्हणूनच राहायचे की बंधुसंघ व्हायचे? पॉइंडेक्स्टर यांचा कल साहित्य मंडळाकडे होता. गोऱ्यांच्या धर्तीवर फ्रॅटर्निटी काढणे त्यांना पटत नव्हते. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे की नुसत्या चर्चेने माणसे टिकत नाहीत, बांधिलकी हवी. मंडळातून माणूस केव्हाही उठून जाऊ शकतो. बंधुसंघात तो आयुष्यभराचा होतो. दुसरी बाजू जिंकली. ४ डिसेंबर १९०६ रोजी अल्फा फाय अल्फा स्थापन झाली. संस्थापक सात : हेन्री आर्थर कॅलिस, चार्ल्स हेन्री चॅपमन, युजीन किंकल जोन्स, जॉर्ज बिडल केली, नॅथॅनिएल अ‍ॅलिसन मरे, रॉबर्ट हॅरल्ड ओगल आणि व्हर्टनर वुडसन टँडी. संघटनेत त्यांना 'सात रत्ने' म्हणतात.

ते वर्ष कसे होते हे विसरू नये. दहा वर्षांपूर्वी, १८९६ साली, सर्वोच्च न्यायालयाने 'वेगळे पण समान' या तत्त्वावर शिक्कामोर्तब केले होते. १९०६ च्या सप्टेंबरात अटलांटा शहरात गोऱ्या जमावाने काळ्यांची कत्तल केली. नोव्हेंबरात राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी ब्राउन्सव्हिल प्रकरणात १६७ काळ्या सैनिकांना खटला न चालवता सैन्यातून काढून टाकले. आणि डिसेंबरात सात विद्यार्थी एका बर्फाळ गावात बसून ग्रीक अक्षरे निवडत होते. वरवर पाहणाऱ्याला हे हास्यास्पद वाटेल. पण ज्यांना सांगितले जात होते की तुमची बुद्धी मजुरीपुरतीच आहे, त्यांनी विद्येची सर्वात प्रतिष्ठित खूण आपल्या छातीवर लावली, यात नक्कल होती तसे आव्हानही होते. पुढे या संघटनेने आपली चिन्हे ग्रीसऐवजी आफ्रिकेतून घेतली. स्फिंक्स आणि गिझाचे पिरॅमिड ही तिची ओळख झाली, आणि १९१४ पासून निघणाऱ्या तिच्या मुखपत्राचे नावही 'द स्फिंक्स' आहे.

त्या सातांचे पुढे काय झाले? टँडी केंटकीहून आलेले, आधी टस्कीगीत शिकलेले. ते न्यूयॉर्क राज्यातले पहिले नोंदणीकृत काळे वास्तुविशारद झाले. हार्लेममधल्या सेंट फिलिप्स चर्चच्या वास्तूत त्यांचा हात आहे, आणि केसांच्या औषधांच्या व्यवसायातून श्रीमंत झालेल्या मॅडम सी. जे. वॉकर यांचा हडसन नदीकाठचा 'व्हिला लेवारो' हा वाडा त्यांनीच उभारला. केली अभियंता झाले, कॅलिस डॉक्टर आणि हॉवर्ड विद्यापीठात वैद्यकाचे अध्यापक, चॅपमन फ्लोरिडात शेतकीचे प्राध्यापक, मरे वॉशिंग्टनमध्ये शिक्षक. ओगल यांनी सिनेटच्या समितीच्या कचेरीत काम केले. युजीन किंकल जोन्स यांचे काम आम्हाला सर्वात मोलाचे वाटते. दक्षिणेतून उत्तरेच्या शहरांकडे लाखो काळी माणसे स्थलांतर करत होती, त्या काळात जोन्स 'नॅशनल अर्बन लीग' या संस्थेचे दोन दशकांहून अधिक काळ कार्यकारी प्रमुख होते. गावाकडून आलेल्या माणसाला कारखान्यात काम, राहायला खोली आणि मुलांना शाळा मिळवून देणे हे त्या संस्थेचे काम. इथे सर्वसामान्य मजुराशी संबंध कुठे, असे विचारणाऱ्यांना उत्तर मिळते.

संघटना झपाट्याने पसरली. १९०७ च्या अखेरीस वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात आणि रिचमंडच्या व्हर्जिनिया युनियन विद्यापीठात शाखा निघाल्या. १९०८ साली पहिले अधिवेशन हॉवर्डमध्ये झाले. मग १९११ साली लुईव्हिल येथे पदवीधरांची पहिली शाखा निघाली. आमच्या मते खरी कलाटणी हीच. विद्यार्थी संघटना चार वर्षांत रिकामी होते; जुने जातात, नवे येतात, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. पदवीधरांच्या शाखांमुळे कमावत्या माणसांची वर्गणी आयुष्यभर येऊ लागली. शाळामास्तर, डॉक्टर, दंतवैद्य, पाद्री, टपाल खात्यातले कारकून यांचा त्या काळचा काळा मध्यमवर्ग. ही माणसे वाटसरू म्हणून गळून गेली नाहीत. त्यांना दरवर्षी हिशेब द्यावा लागत होता आणि हिशेब मागताही येत होता.

अल्फाच्या मागोमाग इतर संघटनाही आल्या. कापा अल्फा साय आणि ओमेगा साय फाय १९११ साली, फाय बीटा सिग्मा १९१४ साली. स्त्रियांनी तर वाट पाहिलीच नाही. अल्फा कापा अल्फा १९०८ सालीच हॉवर्डमध्ये निघाली. १९१३ च्या जानेवारीत बावीस विद्यार्थिनींनी डेल्टा सिग्मा थीटा स्थापन केली आणि दोनच महिन्यांत, ३ मार्चला, त्या वॉशिंग्टनच्या स्त्री-मताधिकार मोर्चात चालल्या. त्या मोर्चात काळ्या बायकांनी मागच्या बाजूने चालावे अशी गोऱ्या संयोजकांची इच्छा होती, हे आवर्जून सांगायला हवे. जाता जाता आणखी एक. कमला हॅरिस २०२० साली उपाध्यक्षपदी निवडून आल्या तेव्हा आपल्या वृत्तपत्रांनी त्यांच्या तमिळ ब्राह्मण आजोळाचे गाव शोधून काढले, तिथल्या मंदिरातली पूजा छापली. त्या हॉवर्डमध्ये शिकत असताना अल्फा कापा अल्फाच्या सभासद झाल्या आणि त्या भगिनीसंघाच्या बायका त्यांच्या प्रचारात उतरल्या, हे फार थोड्यांनी छापले. ज्याला जे दिसायचे ते दिसते.

पहिल्या महायुद्धानंतर अल्फाने शिक्षणाची मोहीम हाती घेतली. हायस्कूलला जा, कॉलेजला जा, असे तिचे साधे घोषवाक्य होते. सभासदांनी शाळाशाळांत, चर्चमध्ये जाऊन पालकांना सांगायचे की पोराला कामाला लावू नका, शिकू द्या. १९३० च्या दशकात दुसरी मोहीम आली, मताधिकाराची. मत नसलेल्या लोकांना आशा नसते, असा तिचा आशय. दक्षिणेत काळ्यांना मत कागदावर होते; प्रत्यक्षात मतदान कर, साक्षरतेची खोटी परीक्षा आणि रात्रीची धमकी होती. या काळात संघटनेचे अध्यक्ष होते इतिहासकार चार्ल्स एच. वेस्ली. हार्वर्डमधून पीएच.डी. मिळवणाऱ्या पहिल्या मोजक्या काळ्या विद्वानांपैकी ते एक. त्यांनी १९२९ साली या संघटनेचा इतिहासही लिहून ठेवला. आपला इतिहास दुसरा कुणी लिहील म्हणून ते थांबले नाहीत.

आता आम्ही ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला त्या दोन खटल्यांकडे येतो.

पहिला मेरिलँडचा. मेरिलँड विद्यापीठाच्या विधी महाविद्यालयातून १८८९ साली दोन काळे विद्यार्थी पदवीधर झाले होते. त्यानंतर दार बंद झाले आणि चार दशकांहून अधिक काळ बंद राहिले. बाल्टिमोरमध्ये वाढलेल्या थरगुड मार्शल यांना घराजवळच्या या महाविद्यालयात काळ्यांना प्रवेश नाही म्हणून रोज रेल्वेने वॉशिंग्टनला, हॉवर्डला जावे लागे. त्यांच्या आईने त्या शिक्षणासाठी लग्नाची अंगठी गहाण ठेवली. मार्शल १९३३ साली वर्गात पहिले येऊन वकील झाले. हॉवर्डमध्ये त्यांचे गुरू होते चार्ल्स हॅमिल्टन ह्यूस्टन.

डोनाल्ड गेन्स मरे या पदवीधराने मेरिलँडकडे प्रवेशाचा अर्ज केला आणि तो रंगामुळे फेटाळला गेला. मरे अल्फाचे, ह्यूस्टन अल्फाचे, मार्शल अल्फाचे. या प्रश्नावर कोर्टात जायचे हा आग्रह अल्फाने आणि तिचे वकील बेल्फोर्ड लॉसन यांनी धरला होता, एन.ए.ए.सी.पी. च्या वतीने ह्यूस्टन आणि मार्शल न्यायालयात उभे राहिले. युक्तिवाद चाणाक्ष होता. 'वेगळे पण समान' हे तत्त्व चूक आहे असे त्यांनी सुरुवातीला म्हटलेच नाही. ते म्हणाले, ठीक, तुमचेच तत्त्व घ्या. काळ्यांसाठी वेगळे विधी महाविद्यालय राज्यात कुठे आहे ते दाखवा. नव्हतेच. राज्याबाहेर जाऊन शिकण्यासाठी तुटपुंजी शिष्यवृत्ती पुढे करण्यात आली. ती समानता होऊ शकत नाही, हे कोर्टाला मान्य करावे लागले. जून १९३५ मध्ये बाल्टिमोरच्या न्यायाधीशांनी मरे यांना प्रवेश देण्याचा आदेश दिला, जानेवारी १९३६ मध्ये राज्याच्या वरिष्ठ न्यायालयाने तो कायम केला. मरे १९३८ साली पदवीधर झाले. १९५४ च्या ब्राउन निकालाने शाळांमधला वर्णभेद घटनाबाह्य ठरवला, त्या इमारतीच्या पायात हा दगड आहे. पुढे मार्शल सर्वोच्च न्यायालयाचे पहिले काळे न्यायमूर्ती झाले, आणि १९८० साली याच मेरिलँड विधी महाविद्यालयाने आपल्या ग्रंथालयाला त्यांचे नाव दिले. मार्शल समारंभाला गेले नाहीत.

दुसरा खटला जेवणाच्या डब्याचा. १७ मे १९४२. एल्मर हेंडरसन हे सरकारी नोकर, नोकऱ्यांमधला भेदभाव तपासणाऱ्या केंद्रीय समितीचे क्षेत्रीय प्रतिनिधी. वॉशिंग्टनहून दक्षिणेकडे सदर्न रेल्वेने निघालेले, पहिल्या वर्गाचे तिकीट. संध्याकाळी ते जेवणाच्या डब्यात गेले. काळ्यांसाठी म्हणून कोपऱ्यात पडद्याआड दोन टेबले होती, तीही गोऱ्यांनी जागा अडवेपर्यंतच राखीव. त्या टेबलांवर गोरे बसले होते. एक खुर्ची रिकामी होती. तरी हेंडरसन यांना बसू दिले नाही. तुमच्या जागेवर ताट पाठवतो, असे सांगण्यात आले. त्यांनी नकार दिला. मग जागा झाली की निरोप देऊ, असे आश्वासन मिळाले. निरोप आला नाही. रात्री नऊ वाजता ग्रीन्सबरो स्थानकात जेवणाचा डबा गाडीपासून तोडून बाजूला काढण्यात आला आणि हेंडरसन उपाशीच पुढे गेले. कामाचे स्वरूप लक्षात घ्या : भेदभाव तपासायला निघालेला सरकारी माणूस!

हेंडरसनही अल्फाचेच सभासद. रेल्वेने नंतर आपला नियम 'सुधारला' : गोऱ्यांसाठी दहा टेबले, काळ्यांसाठी एक, मध्ये आडोसा. अल्फाने हा खटला आपला मानला आणि त्याचा खर्च उचलला. तोवर बेल्फोर्ड लॉसन हे संघटनेचे अध्यक्षच झाले होते. प्रकरण आयोगाकडून जिल्हा न्यायालयात, पुन्हा आयोगाकडे, पुन्हा न्यायालयात असे फिरले. अखेरीस केंद्र सरकारच्या कायदा अधिकाऱ्यांनीच सर्वोच्च न्यायालयात हेंडरसन यांची बाजू घेतली. ५ जून १९५० रोजी न्यायालयाने एकमताने निकाल दिला की असे पडदे, आडोसे आणि पाट्या प्रवाशांच्या समान वागणुकीच्या कायद्याशी विसंगत आहेत.

आठ वर्षे. एका ताटासाठी आठ वर्षे. एकटा माणूस कितीही स्वाभिमानी असला तरी आठ वर्षे वकील पोसू शकत नाही. तो अपमान गिळून घरी जातो, फार तर आत्मचरित्रात लिहितो. वर्गणी देणाऱ्या हजारो माणसांची संघटना मागे असली की तोच अपमान खटला होतो आणि खटला कायदा होतो. आपल्याकडे अपमानाच्या आठवणी भरपूर आहेत, त्यावर उत्तम साहित्यही आहे. खटले किती आहेत?

आता यादीतल्या काही नावांकडे पुन्हा पाहू. जेसी ओवेन्स यांनी १९३६ साली बर्लिनमध्ये हिटलरसमोर चार सुवर्णपदके जिंकली. ज्या ओहायो स्टेट विद्यापीठासाठी ते धावत, त्याच्या वसतिगृहात त्यांना जागा नव्हती. मार्टिन ल्यूथर किंग १९५२ साली बोस्टनमध्ये पीएच.डी. करत असताना अल्फात आले. १९५९ साली ते भारतात आले तेव्हा केरळमधल्या एका शाळेत मुख्याध्यापकांनी त्यांची ओळख विद्यार्थ्यांना अमेरिकेतून आलेले एक अस्पृश्य अशी करून दिली. किंग यांना आधी धक्का बसला. मग विचार करता त्यांना ते खरे वाटले, असे त्यांनी स्वतः पुढे एका प्रवचनात सांगितले. ती शाळा पूर्वाश्रमीच्या अस्पृश्यांची होती. आणि ड्यू बॉइस यांचा बाबासाहेबांशी झालेला पत्रव्यवहार तर आपल्या वाचकांना ठाऊक आहेच. जुलै १९४६ मध्ये बाबासाहेबांनी त्यांना पत्र लिहून संयुक्त राष्ट्रसंघाकडे काळ्यांच्या वतीने दिलेल्या निवेदनाच्या प्रती मागितल्या, अस्पृश्यांची आणि काळ्यांची स्थिती किती सारखी आहे हे कळवले. ३१ जुलैला ड्यू बॉइस यांचे उत्तर निघाले.

इथपर्यंत वाचून कुणाला वाटेल की आम्ही पहिल्या गटात जाऊन बसलो. तसे नाही. दुसऱ्या गटाचा आक्षेप पोकळ नाही. समाजशास्त्रज्ञ ई. फ्रँकलिन फ्रेझियर यांनी १९५० च्या दशकात 'ब्लॅक बूर्झ्वाझी' या ग्रंथात काळ्या मध्यमवर्गाची निर्मम चिरफाड केली. मेजवान्या, अधिवेशने, कपडे, मोटारी आणि आपल्याच समाजाच्या तळाची लाज, हे त्यांनी दाखवले. बंधुसंघही त्यातून सुटले नाहीत. प्रवेशाचा खर्च गरीब विद्यार्थ्याला परवडत नसे. उजळ कातडीच्या काळ्यांना झुकते माप मिळे, ही तक्रारही जुनी. शोषितांच्या आतली उतरंड काय असते, हे पोटजाती मोजत बसणाऱ्या आपल्या समाजाला वेगळे सांगायला नको.

दीक्षाविधीच्या नावाखाली नव्या मुलांचा छळ, मारहाण हा दुसरा डाग. तरुण मार्शल यांनाही लिंकन विद्यापीठात नवागतांच्या छळाबद्दल शिक्षा झाली होती, हे त्यांचे चरित्रकार लपवत नाहीत. १९८९ साली अटलांटाच्या मोरहाउस कॉलेजात अल्फाच्या प्रवेशप्रक्रियेत एका अठरा वर्षांच्या विद्यार्थ्याचा जीव गेला. १९९० साली काळ्यांच्या साऱ्या बंधु-भगिनी संघांनी मिळून जुनी उमेदवारीची पद्धत बंद केली. कागदावर बंद केली, असे म्हणू; छळाच्या बातम्या त्यानंतरही आल्या. ज्या संघटनेचा जन्म मुले गळू नयेत म्हणून झाला, तिच्याच दारात मूल मरावे, याचे समर्थन परंपरेच्या नावाने होऊ शकत नाही.

ड्यू बॉइस यांनी हे सारे कुणाहीपेक्षा आधी ओळखले. १९०३ साली त्यांनीच मांडले होते की समाजातला प्रतिभावान दहावा हिस्सा उच्च शिक्षण घेईल आणि बाकीच्यांना वर ओढील. १९४८ साली ओहायोत, सिग्मा पाय फाय या काळ्या उच्चभ्रूंच्या बंधुसंघासमोर, त्यांनी आपलाच सिद्धांत तपासायला घेतला. शिक्षण मिळाले की त्यागाची वृत्ती आपोआप येईल असे आपण गृहीत धरले होते, तसे झाले नाही, हा त्या भाषणाचा रोख. श्रीमंत बंधूंना त्यांनी हे तोंडावर ऐकवले. बाबासाहेबांनी १९५६ साली आग्र्यात शिकलेल्यांविषयी जी वेदना व्यक्त केली, ती आठवल्यावाचून राहत नाही.

पुढे तीनच वर्षांत त्याची प्रचीती आली. फेब्रुवारी १९५१ मध्ये शांतता चळवळीत काम केल्याबद्दल अमेरिकन सरकारने ड्यू बॉइस यांच्यावर परकीय हस्तक असल्याचा खटला भरला. वय ८२. हातात बेड्या घालून त्यांना न्यायालयात नेले. अण्वस्त्रांच्या विरोधात सह्या गोळा करणे हा त्यांचा गुन्हा. देशभर त्यांच्यासाठी निधी गोळा झाला, त्यात कामगार संघटनांची आणि साध्या माणसांची रक्कम होती. सुशिक्षित काळे बहुतांशी गप्प राहिले. आपल्याच बंधुसंघाने, अल्फाने, पाठ फिरवली, मदतीचा हात दिला नाही, ही खंत त्यांनी १९५२ च्या 'इन बॅटल फॉर पीस' या पुस्तकात नोंदवून ठेवली आहे. लक्षात घ्या, हा काळ हेंडरसन निकालानंतर जेमतेम वर्षभराचा. पैसा होता, वकील होते, जिंकण्याची सवयही लागली होती. पण ताटासाठी लढणारी संघटना सरकारने ज्याला डावा म्हणून शिक्का मारला त्या म्हाताऱ्यासाठी उभी राहिली नाही. न्यायाधीशांनी नोव्हेंबरात पुराव्याअभावी खटला काढून टाकला. तरी पुढे सरकारने त्यांचे पारपत्र अडवलेच. पॉल रोबसन यांचे तर १९५० पासूनच अडवलेले होते. यादीत आज दोघांचीही नावे अभिमानाने घेतली जातात.

किंग यांच्या बाबतीत संघटनेने वेगळे वागून दाखवले, निदान त्यांच्या मृत्यूनंतर. १९८४ साली मेरिलँडमधल्या काही सभासदांनी ठराव मांडला की वॉशिंग्टनमध्ये किंग यांचे राष्ट्रीय स्मारक व्हावे. अमेरिकन काँग्रेसची परवानगी मिळायला १९९६ उजाडले. मग निधी, जागा, आराखडा. २०११ साली स्मारक खुले झाले. तीस फूट उंचीचा किंग यांचा पुतळा टायडल बेसिनच्या पाण्याकाठी उभा आहे. राष्ट्राध्यक्ष नव्हे, सेनापती नव्हे, अशा काळ्या माणसाला त्या परिसरात जागा मिळवून द्यायला सत्तावीस वर्षे चिकाटीने मागे लागावे लागले, आणि ती चिकाटी अल्फाची होती. सात संस्थापकांपैकी हे पाहायला कुणी उरले नव्हते. शेवटचे हेन्री कॅलिस १९७४ साली गेले. मार्शल यांना सर्वोच्च न्यायालयात बसलेले आणि किंग यांना मारले गेलेले त्यांनी पाहिले.

ड्यू बॉइस १९६१ साली देश सोडून घानाला गेले. २७ ऑगस्ट १९६३ रोजी अक्रा येथे, वयाच्या ९५ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. दुसऱ्या दिवशी वॉशिंग्टनच्या मोर्चात दोन लाखांहून अधिक लोक जमले होते. एन.ए.ए.सी.पी. चे रॉय विल्किन्स यांनी व्यासपीठावरून त्यांच्या निधनाची बातमी सांगितली. शेवटच्या वर्षांत त्यांनी वेगळी वाट धरली होती, हे सांगायला विल्किन्स तिथेही विसरले नाहीत. मग सभा पुढे सुरू झाली, आणि किंग बोलायला उभे राहिले.